पाऊणकीचं उन्हाळी शिबिर

मुलांची परीक्षा संपली त्याच संध्याकाळी माझ्या डोक्यात समतोल शिरला. तो आपणहून शिरला नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या आभाने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लेख टाकला होता, त्यातून आला. सुट्टीत मुलांना फार शिस्त लावली तर ती कोमेजतात आणि फार मोकळी सोडली तर हाताबाहेर जातात, तेव्हा सुज्ञ पालकांनी दिनक्रम आणि विश्रांती यांचा समतोल साधावा, असं त्यात म्हटलं होतं. 'सुज्ञ पालक' हे शब्द वाचले की ते आपल्यालाच उद्देशून लिहिलेत असं मला वाटतं. या एका सवयीने माझं आजवर बरंच नुकसान केलेलं आहे.

मी बंदरातल्या एका क्लिअरिंग एजंटाकडे काम करतो. कंटेनर वेळेत सुटला नाही तर लोक माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करतात. त्यामुळे वेळ या विषयात मला कुणी शिकवू नये असं माझं मत आहे. जेवण होईपर्यंत मी दिनक्रम तयार करून भिंतीवर लावलासुद्धा. पावणेसातला उठणे, मग व्यायाम, मग न्याहारी, मग अभ्यासपूरक खेळ, मग जेवण, आणि दुपारी एक वाजता सक्तीची विश्रांती. 'सक्तीची विश्रांती' वाचून विनिता, म्हणजे माझी बायको, पोळी लाटता लाटता हसली. रिया आणि परेश, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता ती आमची मुलं, टीव्ही बघत होती आणि त्यांनी भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"छान आहे," विनिता म्हणाली. "पण हे राबवणार कोण? तुम्ही आठला बाहेर पडता, मी नऊला बँकेत."

"बाबा राबवतील," मी म्हणालो.

बाबा म्हणजे माझे वडील, काशिराम. उरणजवळ मोऱ्याला आमचं घर, आणि बाबांनी जन्मभर होडी चालवली. गेल्या वर्षी आई गेली. पाठोपाठ बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि होडी चुलतभावाकडे गेली. एकट्या माणसाने त्या घरात राहून करायचं काय, म्हणून शिमगा झाल्यावर मी त्यांना पनवेलला घेऊन आलो. ते आले, पण अट घालून आले. "शाला उगडली का मी मोऱ्याला," असं त्यांनी रिक्षात बसायच्या आधीच सांगून टाकलं होतं. ही अट मला अजिबात मान्य नव्हती. मला ते कायमचे माझ्या घरात हवे होते. अवेळी मोऱ्याहून येणारा फोन मला पुन्हा यायला नको होता. पण वडिलांना असं तोंडावर सांगायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे मी फक्त "बघू" म्हणालो होतो.

आणि इथे त्यांना करमेना. आमच्या सोसायटीचं नाव सागरदर्शन. ती पनवेलजवळ सुकापूरला आहे आणि गच्चीवर टाकीच्या शिडीवर चढलं तरी तिथून सागर दिसत नाही. दिसते ती शेजारची गिरीदर्शन सोसायटी, जिच्यातून डोंगर दिसत नाही, आमचे वाळत घातलेले कपडे दिसतात. बाबा दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून गिरीदर्शनकडे बघत बसायचे. जेवायला हाक मारली की भूक नाही म्हणायचे आणि भलत्याच वेळी उठून चहा करून घ्यायचे. अर्धी भाकरी खाऊन ताट सारायचे. वयाप्रमाणे असं होतं, असं मला ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं. माझा हिशेब वेगळा होता. माणसाला काम दिलं की माणूस रुजतो, आणि एकदा रुजला की शाळा उघडो नाहीतर बंद होवो.

माझी योजना एवढीच होती: दोन मुलं, एक आजोबा, एक कागद. ती तेवढीच राहिली असती तर ही हकीकत सांगायची वेळ आली नसती. पण विनिता लिफ्टमध्ये आभाशी बोलली. आभा आईपण पुस्तकातून आणि मोबाइलमधून शिकलेली आहे. तिने ताबडतोब जाहीर केलं की माझी कल्पना म्हणजे 'इंटरजनरेशनल लर्निंग' आहे आणि तिची मुलगीही येणार. दुसऱ्या मजल्यावरच्या सुमतीताई, निवृत्त शिक्षिका, यांना हे कळलं तेव्हा त्या खाली आल्या आणि आमच्या सोफ्यावर बसून त्यांनी दिनक्रम तपासला. शाळेत वह्या तपासायच्या तसाच तपासला. "यात पाढे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. "हल्लीच्या मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी माहीत नाही. पाऊण रुपयाला एक अशा नऊ सामोशांची किंमत काढायला मोबाइल लागतो." हा सामोसा नेमका कुठला ते मला कळलं नाही, पण मी पाढे घातले. मग कुणी योग घाला म्हणालं, कुणी स्पोकन इंग्लिश, कुणी म्हणालं की आमचा मुलगा शेंगदाणे खात नाही तेव्हा शेंगदाणे काढा. मी शेंगदाणे घातलेच नव्हते. दोन दिवसांत सोसायटीतली जवळपास सगळी मुलं आमच्या दोन खोल्यांच्या घरात येणार असं ठरलं, आणि तेव्हा विनिताचं हसू थांबलं.

म्हणून क्लबहाऊस. आमचं क्लबहाऊस वर्षभर बंद असतं आणि त्यात गणपतीचं मखर, मोडक्या खुर्च्या आणि कुणाचीतरी सिमेंटची पोती राहतात. ते वापरायचं तर समितीचा ठराव हवा. ठरावाला कोरम हवा. कोरममधले निम्मे गावी आंबे उतरवायला गेलेले आणि एक गृहस्थ नातवाच्या मुंजीला. त्यांची संमती व्हॉट्सॲपवर घ्यावी तर सेक्रेटरी म्हणाले, उपविधीत व्हॉट्सॲप नाही. उपविधीत पोस्टकार्ड आहे. मी पोस्टकार्डाच्या शोधात पनवेल शहरात एक आख्खी दुपार घालवली आणि मिळालं तेव्हा त्यावर काय लिहायचं ते आठवेना. शेवटी सेक्रेटरींनीच वाट काढली. क्लबहाऊस 'वापरायचं' नाही, ते 'साफसफाईसाठी उघडायचं', आणि सफाईला हातभार म्हणून मुलं येतील. उपविधीत सफाईला मनाई नव्हती. मनाई होती ती दारावरच्या पाटीवर: क्लबहाऊसमध्ये झोपण्यास सक्त मनाई आहे, हुकमावरून. ती जुन्या वॉचमनसाठी लावलेली होती, त्यामुळे मी तिकडे लक्ष दिलं नाही.

चावी मात्र चेअरमनकडे. आमचे चेअरमन तुळशीराम शेठ. सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांची, म्हणून ते आजन्म चेअरमन आहेत. त्यांनी चावी हातात धरून ठेवली आणि विचारलं, "समारोप कवा?"

"कसला समारोप?"

"शिबिराचा. समारोप नसंल तर शिबिर कुनाला दिसनार? मंडप मी देतो, स्पीकर मी देतो. गिरीदर्शनवाल्यांनी मागच्या साली योगाचा कार्यक्रम केलता, आमच्याकडं तोंड करून भोंगा लावलाता. शनवारी पाचला पावना बोलवतो."

पाहुणा म्हणजे भाऊ. पुढच्या निवडणुकीला उभं राहायची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. अशा रीतीने रिया आणि परेशच्या दुपारच्या झोपेसाठी मी लिहिलेल्या कागदाचं सोमवार ते शनिवार असं शिबिर झालं आणि त्याच्या समारोपाला मी प्रास्ताविक करायचं ठरलं. विषय मीच निवडला: शिस्त आणि विश्रांती, एक समतोल.

रविवारी संध्याकाळी मी गॅलरीत जाऊन बाबांच्या हातात कागद दिला. मुलांना सांभाळायचं म्हटल्यावर ते खुर्चीत ताठ बसले.

"बाबा, एकच लक्षात ठेवा. रोज त्याच वेळेला. वेळ चुकता कामा नये."

"उठायचं कवा?"

"पावणेसातला."

बाबांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "उद्या नवमी. बरोबर हाय. आनि निजायचं?"

"एकला."

"ते पन बरोबर हाय," ते म्हणाले आणि माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं. "कल्प्या, तुला कुनी शिकवलं रे ह्ये?"

"अनुभव," मी म्हणालो. वडिलांनी माझं कौतुक केल्याचा प्रसंग मला आठवत नव्हता, त्यामुळे मी अधिक चौकशी केली नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या रविवारी मला कळायला हवी होती आणि कळली नाही. आमच्या किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. नवमीला नऊ पाऊण पावणेसात. तेव्हा पाणी पूर्ण चढतं, आणि सव्वासहा तासांनी, एकच्या सुमाराला, पूर्ण उतरतं; त्याला सुकती म्हणतात. दुसऱ्या दिवशी दशमी, म्हणजे साडेसात. तिसऱ्या दिवशी सव्वाआठ. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. बाबांचा सगळा जन्म या पाऊणकीवर गेला होता. मी 'रोज त्याच वेळेला' म्हणालो तेव्हा त्यांना घड्याळ दिसलंच नाही. त्यांना वाटलं, मुलगा शहाणा झाला, भरतीला उठवा आणि सुकतीला निजवा म्हणतोय. कोळ्याच्या पोराला एवढं कळू नये का, असं कुणीही विचारेल. कळायला हवं होतं. पण मी बारावीनंतर कॉमर्सला गेलो.

सोमवार दृष्ट लागावी असा गेला. पावणेसातला रिया आणि परेश जिन्याजिन्यातून "भरती आली! भरती आली!" असं ओरडत फिरली. लोकांना तो खेळ वाटला. आभाने व्हिडिओ काढला. मी ऑफिसातून एकदाच फोन केला.

"बाबा, मुलं जेवली?"

"जेवली. येलेवर."

"झोपली?"

"येलेवर."

मी फोन ठेवला आणि साहेबांना सांगितलं की लहान मुलांना वळण लावणं वाटतं तेवढं अवघड नसतं. साहेबांना मुलं नाहीत. त्यांनीही मान डोलावली.

मंगळवारी काही मुलं पावणेसातला क्लबहाऊसवर गेली तर बाबांनी त्यांना परत पाठवलं. "पानी चडलं नाय अजून. जा, निजा." मुलांना हा शिक्षक एकदम पसंत पडला. बुधवारी न्याहारी साडेनऊला झाली. गुरुवारी जेवण दोनच्या पुढे गेलं. हे मला कळलं नाही, कारण सकाळी निघताना झोपलेली मुलं व्यायाम करून पुन्हा आडवी झालीत असं मी धरून चालायचो, आणि रात्री कळंबोलीच्या ट्रकांमधून घरी पोचेपर्यंत नऊ वाजायचे आणि तेव्हा सोसायटीची सगळी पोरं अंगणात लगोरी खेळत असायची. सुट्टी आहे, खेळतात, असं मला वाटायचं. रोज विचारायचो, "वेळ पाळता ना?" आणि मुलं एका सुरात "हो" म्हणायची. ती खोटं बोलत नव्हती. त्या काळात सागरदर्शनमध्ये मी सोडून सगळेच वेळ पाळत होते.

शेजाऱ्यांनी आपापला अर्थ लावला. आभाच्या मते ही मुलांच्या शरीराची स्वतःची लय होती आणि ती मोडू नये. सुमतीताई गुरुवारी जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी कमाल केली हो! पोरं घडाघडा पाऊणकी म्हणतात. बारी पाऊण नऊ, तेरी पाऊण पावणेदहा!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पोरं पाढा म्हणत नसून उद्या किती उशिरा उठायचं ते काढत होती, हे त्या माउलीला कोण सांगणार? आणि घरात एक बदल मात्र मलाही दिसला. बाबा गॅलरीत बसेनासे झाले. ते दोन दोन भाकऱ्या खात होते, वर कालवण मागून घेत होते. माझी योजना फळाला आली म्हणून मी शुक्रवारी रात्री प्रास्ताविकात एक संस्कृत सुभाषित वाढवलं.

शनिवारी मी अर्धी रजा टाकून चार वाजता पोचलो. तुळशीराम शेठनी मंडप घातला होता. स्पीकर क्लबहाऊसच्या बाहेर बांबूवर चढवले होते आणि त्यांची तोंडं गिरीदर्शनकडे होती. आत एक कूलर होता, पाहुण्यांसाठी भाड्याने आणलेला. पालक नटून येऊ लागले. मुलं दिसत नव्हती, ती आत तयार होत असतील असं मी सगळ्यांना सांगितलं. पाचला भाऊ आले. मे महिना, त्यात लग्नाची तिथ. आमच्या भागात होऊ घातलेल्या नगरसेवकाला या दिवसांत एक लग्न चुकवून चालत नाही आणि रात्रभर चालणाऱ्या हळदी तर मुळीच नाही. भाऊंचे डोळे लाल होते आणि सदऱ्यावर तीन ठिकाणची हळद होती. मी माइक हातात घेतला, "हॅलो, हॅलो" केलं, ते गिरीदर्शनच्या भिंतीवर आपटून परत आलं, आणि तुळशीराम शेठनी दार उघडलं.

आत अंधार होता. खिडक्यांना चादरी लावलेल्या होत्या. कूलर घरघरत होता आणि सतरंज्यांवर सोसायटीची सगळी मुलं ओळीने झोपलेली होती. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुली फ्रॉक घालून झोपल्या होत्या. भाऊंसाठी आणलेला गुच्छ परेशने उशाला घेतला होता. दाराशी, 'झोपण्यास सक्त मनाई' या पाटीच्या बरोबर खाली, बाबा स्टुलावर बसले होते.

"श्श," ते म्हणाले.

मी घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. "बाबा, हे काय? पाच वाजलेत!"

"मंग?"

"एकला झोपवायचं होतं ना?"

"सोमवारी यकला. आज चौदस. आज पावनेपाच." बाबांनी सुमतीताईंकडे बोट केलं. "बाईंना इचार. चौदा पाऊन किती?"

"साडेदहा," सुमतीताई सवयीने म्हणाल्या आणि मग त्यांचा हात तोंडावर गेला. पोरांचा पाढा कशासाठी होता ते त्यांना त्या क्षणी कळलं. मलाही कळलं.

"मी रोज त्याच वेळेला म्हणालो होतो!"

"त्याच येलेलाच निजवली. सुकतीला होडी चिखलात बसते, मानूस काय करनार? निजनार. भरती आली का उठनार. यक दिस चुकलो नाय." त्यांना मनापासून अभिमान वाटत होता आणि त्यामुळे माझी आणखी पंचाईत झाली.

"म्हणजे हे ल्यूनर पॅरेंटिंग आहे!" आभा पुटपुटली आणि फोन काढू लागली. मी विनिताकडे बघितलं. ती शांतपणे पदर सावरत होती.

"तुला माहीत होतं?"

"बुधवारपासून," ती म्हणाली. "माझ्या वडिलांचीही होडी होती, अहो. बाबा जेवायला लागले होते. मी कशाला बोलू?"

तुळशीराम शेठ पुढे आले. "उठवा पोरांना! पावना हुबा हाय! काशिरामभाऊ, सरका बाजूला!"

बाबांनी दोन्ही हात चौकटीला लावले. "सुकती हाय. आता नाय उठवायची."

"कवाची सुकती?"

"पावनेपाचची."

शेठ थबकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी बदलून दुसराच राग झाला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शेठचं घराणं मिठागरवाल्यांचं. बापाबरोबर खाडीचं पाणी आगरात घेण्यात त्यांचं लहानपण गेलेलं. "पावनेपाच ती तुज्या मोऱ्याची!" ते म्हणाले. "पोरं हायत पनवेलची. आमच्या खाडीत पानी मागनं येतं नि मागनं उतरतं. हितं सुकती सव्वापाचला."

"पानी मोऱ्यावरनंच येतं तुमच्याकडं!"

"येतं, पन येल लावून येतं ना! तुमी सोमवारपासनं पोरांना चुकीचं निजवलंय. रोज अर्धा तास आदी!"

बाबांचा चेहरा पडला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा भरतीचा हिशेब चुकीचा ठरवला होता आणि तीही सगळ्यांसमोर. ते बोटांवर मोजू लागले. शेठही मोजू लागले. दोघे दारात उभे राहून एकमेकांच्या पेरांवर बोटं ठेवत होते आणि मागे भाऊ, त्यांचे चार कार्यकर्ते, शाल, श्रीफळ आणि सागरदर्शनचे समस्त पालक उभे होते. मी माइक धरून "आदरणीय भाऊ" एवढंच म्हणालो आणि मागे वळलो तर भाऊ जागेवर नव्हते.

भाऊ बाबांच्या हाताखालून वाकून आत शिरले होते. कूलरच्या समोर सतरंजीचा एक कोपरा मोकळा होता. ते तिथे बसले, चपला काढल्या, परेशच्या डोक्याखालून गुच्छ अलगद सरकवून अर्धा आपल्याकडे घेतला आणि आडवे झाले. "पाच मिनिटं," ते म्हणाले. तिसरी हळद झाली होती बिचाऱ्यांची. पुढारी झोपल्यावर कार्यकर्ते उभे राहत नाहीत, तेही भिंतीला टेकले.

"म्हंजे बगा," शेठनी बाबांना ऐकवलं, "माज्या हिशेबानं निजायची खरी येल आत्ता लागली." आणि स्वतःचं म्हणणं सिद्ध करण्यासाठी ते सिमेंटच्या पोत्यांवर टेकून बसले. त्यांची मान कलायला वेळ लागला नाही. मग आभा, "हिच्याजवळ जरा पडते" म्हणून मुलीशेजारी गेली. सुमतीताईंनी खुर्चीतच डोळे मिटले. सागरदर्शनमधली माणसं पहाटेची गाडी पकडून कामाला जातात आणि अंधार पडल्यावर परत येतात. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, कूलरच्या वाऱ्यात, चादरीच्या अंधारात त्यांना कुणी उठा म्हणणारं नव्हतं. विनिता रियाला कुशीत घेऊन झोपली. बँकेच्या ओळखपत्राचा पट्टा तिच्या गळ्यात तसाच होता.

जागे दोघे उरलो. बाबा स्टुलावर आणि मी माइक घेऊन त्यांच्या पायाशी. माझं प्रास्ताविक खिशात होतं, सुभाषितासकट. एवढी माणसं जमवून माझा एवढा अपमान कधी झाला नव्हता, तरी मला राग येईना. शाळा उघडली की बाबा मोऱ्याला जाणार, मला तेवढंच आठवत होतं.

"बाबा, उठल्यावर या लोकांना काय सांगायचं ते मी बघतो," मी म्हणालो. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मोऱ्याला जाऊ नका." मी माइक खाली ठेवला. "मला तुम्ही इथे हवे आहात. तिकडे एकटे नको. आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचलो नाही, बाबा."

बाबांनी झोपलेल्या माणसांवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"होडीवर समदे निजले तरी यक जन जागा लागतो," ते म्हणाले. "हितं तुमच्याकडं कोन नाय. ज्यो त्यो दमल्याला. आठवडाभर बगतोय मी."

"मग शाळा उघडल्यावर?"

"उगडू दे ना. शाला उगडली म्हनून मानसं निजायची थांबतात काय?" त्यांनी पायाने सतरंजीचा कोपरा माझ्याकडे सरकवला. "पड जरा. मी हाय."

मी पडलो. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा दिवे लागले होते, मुलं अंगणात लगोरी खेळत होती आणि गिरीदर्शनचे सेक्रेटरी दारात उभे होते. ते तक्रार करायला आले नव्हते, चौकशीला आले होते. "पेशंट बरा आहे का आता?" त्यांनी विचारलं. माझ्या उशाशी माइक होता. "हॅलो, हॅलो" केल्यापासून तो चालूच होता. मी बाबांच्या पायाशी बसून जे काही बोललो ते गिरीदर्शनच्या चारही विंगांनी ऐकलं होतं आणि त्यापाठोपाठ दोन तास माझं घोरणं ऐकलं होतं, ते त्यांना आजाऱ्याची घरघर वाटलं. तिथल्या एका आजींनी म्हणे टीव्ही बंद करून ठेवला होता.

सेक्रेटरी गेल्यावर मी बाबांवर चिडलो. "माइक चालू आहे हे तुम्हाला कळत नव्हतं?"

"कलत व्हतं."

"मग बंद का नाही केलात?"

"कशाला?" बाबा म्हणाले. "आय गेल्यापासनं तू असा निजला नवतास. कलू दे बाजूच्यांना पन, माजा पोर झोपलाय."